एकाच खिडकीत दोन तारखा: स्वाइप होणारे टॅब आणि पुनवेचं पाणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये नेट तुटत राहतं म्हणून ऐकताच येत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी दर दोन वाक्यांनी "म्हणजे कसंय ना" म्हणतो, ते काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे. रेकॉर्डिंग सारसोळ्यात, आमच्या गच्चीवर केलंय. मागे घरघर ऐकू आली तर ती पाम बीच रोडची आहे, माझ्या माइकची नाही.

आजचा विषय ऐकायला फारच छोटा आहे. ॲपमध्ये तुम्ही एखाद्या गोष्टीवर टॅप करता आणि स्क्रीनच्या मधोमध एक खिडकी उघडते. त्या खिडकीत वर तीन टॅब असतात. टॅबवर टॅप करा नाहीतर बोट डावीउजवीकडे सरकवा, पान बदलतं. यालाच टॅबवाला, स्वाइप होणारा डायलॉग म्हणायचं. कॉलेजात असताना मला कोणी सांगितलं असतं की यावर अख्खा एपिसोड होईल, तर मी हसलो असतो. पण ही खिडकी बांधताना मी एक चूक केली आणि त्या चुकीपायी माझा चुलतभाऊ पुनवेच्या रात्री अडीच तास खाडीच्या चिखलात होडीत बसून होता. म्हणून हा एपिसोड.

आधी थोडं गावाबद्दल, कारण बाहेरच्यांना नेरूळ म्हणजे फक्त सेक्टर आणि टॉवर वाटतात. सारसोळे हे नेरूळमधलं जुनं गाव. सिडको आली १९७० मध्ये, गाव त्याच्या आधीपासूनचं. पाम बीच रोड ओलांडला की कांदळवन, आणि त्यातून पुढे जेटी. आजही इथले काही जण खाडीत होडी घालतात. माझे काका त्यातलेच. मी ऐरोलीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांची ॲपं बनवतो, आणि काका मला घरी विचारतात, "तुझ्या त्या मोबाइलात पाण्याचा टाइम दिसतो का रे?"

खाडीवाल्याला पाण्याचा टाइम का लागतो? कारण ओहोटीला जेटीपाशी चिखल उघडा पडतो. पाणी असेल तरच होडी आत येते नाहीतर बाहेर जाते. दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर दहाबारा मिनिटं. त्यामुळे हे चक्र रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. आज सकाळी दहाला भरती असेल तर उद्या अकराच्या जरा आधी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त खाली उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग.

काकांच्या पिढीकडे यासाठी एक भन्नाट हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा ठोकताळा आहे, प्रत्यक्षात मुंबईला पाणी त्यापेक्षा थोडं उशिरा भरतं, आणि खाडीत आत यायला त्याला आणखी वेळ लागतो. पण कागद नाही, पेन नाही, नेट नाही, तरी उत्तर जवळपास बरोबर. दिवसाला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, आणि खरा आकडा ५० च्या आसपास. कोणी काढला असेल हा हिशेब, त्याला माझा दंडवत.

नेमक्या वेळेसाठी मात्र तक्ते लागतात. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, आणि आपल्याकडचं ठिकाण म्हणजे मुंबईचं अपोलो बंदर. तिथल्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, म्हणजे आपल्याकडे विजेचे दिवे यायच्या आधीपासूनच्या. मी तक्त्यातल्या वेळा ॲपमध्ये भरल्या, त्यात आमच्या जेटीपर्यंत पाणी पोचायला लागणारा उशीर काकांना विचारून मिळवला, आणि सगळं फोनमध्येच साठवलं, कारण खाडीत रेंजचा भरवसा नाही.

स्क्रीनवर महिन्याचं कॅलेंडर. तारखेवर टॅप केलं की डायलॉग. त्यात तीन टॅब: पाणी, वारा, तिथी. पहिल्या आवृत्तीत पहिल्या टॅबचं नाव मी "भरती-ओहोटी" ठेवलं होतं. काकांच्या फोनमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी केलेली. तिथे ते "भरती-ओ…" असं दिसायचं. काका म्हणाले, "पाणी लिही ना, आम्ही काय भरती-ओहोटी म्हणतो का बोलताना?" टॅबची नावं जे बोलतात त्यांना विचारून ठेवावीत, हे मला तेव्हा कळलं.

आता बांधकामाकडे येऊ. अँड्रॉइडमध्ये या खिडकीला तीन भाग लागतात. खिडकी स्वतः म्हणजे डायलॉगफ्रॅगमेंट, सरकणारी पानं म्हणजे व्ह्यूपेजर, आणि वरची पट्टी म्हणजे टॅबलेआउट. डायलॉगफ्रॅगमेंट आणि व्ह्यूपेजर दोन्ही २०११ सालचे. जुन्या व्ह्यूपेजरच्या जागी २०१९ च्या नोव्हेंबरात व्ह्यूपेजर टू आला. हा आतून रीसायकलरव्ह्यू आहे, म्हणजे ज्या यंत्रणेवर लांबलचक याद्या चालतात त्याच यंत्रणेवर पानं चालतात. पट्टी आणि पानं एकमेकांना बांधायला टॅबलेआउटमीडिएटर असतो. बोट सरकवलं की पट्टीवरची रेघ सरकते, ती त्याची कृपा.

वाटेत नेहमीचे खड्डे लागलेच. मी सुरुवातीला एका जुन्या उत्तरातला कोड उचलला होता, जुन्या व्ह्यूपेजरचा. त्यात पानं ठेवायला ॲक्टिव्हिटीचा फ्रॅगमेंट मॅनेजर दिला होता. उघडायला गेलो तर ॲप पडलं: "नो व्ह्यू फाउंड फॉर आयडी". साहजिक आहे. ॲक्टिव्हिटी आपल्या घरात ती पानं ठेवायची जागा शोधत होती, आणि जागा होती डायलॉगच्या घरात. डायलॉगमधल्या पानांचा सांभाळ डायलॉगच्याच चाइल्डफ्रॅगमेंटमॅनेजरने करायचा. नात्यागोत्यासारखंच, ज्याची लेकरं त्याने सांभाळायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग उंची. खिडकी उघडली तर टॅबची पट्टी दिसते आणि खाली काहीच नाही. पेजरला "मजकुराएवढा हो" सांगितलं तर त्याच्यावर भरवसा नाही, आणि आतल्या पानांना तसं सांगितलं तर व्ह्यूपेजर टू सरळ एरर देतो की पानाने पूर्ण जागा व्यापलीच पाहिजे. शेवटी ऑनस्टार्टमध्ये खिडकीची रुंदी-उंची स्क्रीनच्या प्रमाणात ठरवून टाकली. फ्लटर वापरणाऱ्यांनी हसू नये, तुमच्या टॅबबारव्ह्यूला अलर्टडायलॉगमध्ये उंची न देता टाकून बघा, लाल अक्षरांत तोच उपदेश मिळतो.

तिसरा खड्डा गरिबांच्या फोनचा. मी तारीख डायलॉगच्या कन्स्ट्रक्टरमधून आत पाठवली होती. माझ्या फोनवर सगळं झकास. काकांचा फोन दोन जीबी रॅमचा. खिडकी उघडी असताना फोन आला, बोलणं झालं, परत ॲपमध्ये आले, ॲप बंद. का? मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप मारून टाकतं आणि परत आल्यावर पुन्हा उभं करतं. उभं करताना त्याला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो. माझ्या कन्स्ट्रक्टरला तारीख हवी, ती त्याच्याकडे नाही. म्हणून तारीख आर्ग्युमेंट्सच्या बंडलमध्ये ठेवायची, ती सिस्टिम जपून ठेवते. हे महागड्या फोनवरही तपासता येतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" चालू करा आणि ॲपमधून बाहेर जाऊन परत या. सोसवत नसेल तर फोन आडवा-उभा करून बघा, तेवढ्यानेही बऱ्याच चुका बाहेर पडतात.

इथपर्यंतच्या चुका बऱ्या म्हणायच्या. ॲप पडतं, लाल अक्षरं येतात, कळतं की काहीतरी चुकलं. आता ती चूक सांगतो, जिच्यात काहीच पडलं नाही.

डायलॉगच्या वर तारीख लिहिलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाण. उजवा बाण दाबला की पुढचा दिवस. खिडकी बंद करून पुन्हा कॅलेंडरवर टॅप करायला नको, म्हणून ही सोय मी एका शनिवारी हौसेने घातली. बाण दाबल्यावर मी वरची तारीख बदलत होतो आणि पानांच्या अॅडॅप्टरला नोटिफायडेटासेटचेंज्ड सांगत होतो. मराठीत: "बाबा रे, माहिती बदलली, पानं नवीन कर."

आता अॅडॅप्टर काय करतो ते बघा. पान नवीन बनवायचं की जुनंच वापरायचं, हे तो पानाच्या ओळखक्रमांकावरून ठरवतो. आपण वेगळं काही सांगितलं नाही तर हा क्रमांक म्हणजे पानाची जागा: शून्य, एक, दोन. मी बाण दाबला, अॅडॅप्टरने बघितलं: शून्य नंबरचं पान हवंय, ते माझ्याकडे आहेच, मग नवीन कशाला? तेच दिलं. आणि ते पान बनलं तेव्हा त्याने कालची तारीख स्वतःच्या खिशात घालून ठेवली होती.

घरात भिंतीवर कालनिर्णय असतं ना, त्याची कल्पना करा. समजा कोणी पुढचा महिना वर आणला, महिन्याचं मोठं नाव बरोबर दिसतंय, पण खालच्या चौकटींवर मागच्या महिन्याचा कागद चिकटून राहिलाय. वरचं नाव बघून तुम्ही निर्धास्त खालची तिथी वाचणार. संशय यायचं कारणच नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. व्ह्यूपेजर टू जे पान समोर नाही ते आधीपासून बनवत बसत नाही. तुम्ही तिथे सरकलात की बनवतो. म्हणजे माणसाने खिडकी उघडली, पाणी टॅब बघितला, मग तीनदा बाण दाबला, मग वारा टॅबवर गेला, तर वारा टॅब आत्ता पहिल्यांदा बनतोय, म्हणून तो नवीन तारखेचा. तिथी टॅबही नवीन तारखेचा. फक्त पाणी टॅब जुना. एकाच खिडकीत दोन तारखा, आणि तीनपैकी दोन टॅब बरोबर असल्यामुळे तिसऱ्यावरही विश्वास बसतो.

माझ्या तपासणीत हे का सापडलं नाही? कारण मी नेहमी खिडकी बंद करून नवीन तारखेवर टॅप करत होतो. तेव्हा सगळं नव्याने बनतं आणि बरोबर दिसतं. बाण मी दोनदाच दाबून बघितला असेन, तोही वारा टॅबवर उभा राहून, आणि वरची तारीख बदलतेय एवढं बघून खूश झालो.

तर, त्या दिवशी. काका उरणला हळदीला गेले होते. आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, ते काही रात्रीच्या आत परत येणार नव्हते. चुलतभाऊ बावीस वर्षांचा, मित्राला घेऊन होडी काढली. त्याने तीन दिवस आधी, द्वादशीला ॲप उघडलं होतं. पाणी टॅब बघितला आणि तीनदा बाण दाबून पौर्णिमेवर आला. वर तारीख पौर्णिमेची. वारा बघितला, बरोबर. परत पाणी टॅबवर आला, स्क्रीनशॉट काढला आणि मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्या स्क्रीनशॉटमध्ये वर पौर्णिमा होती आणि खाली द्वादशीचं पाणी.

त्या वेळांप्रमाणे दुपारी चारच्या सुमाराला ओहोटी संपून पाणी चढायला लागणार होतं. म्हणून त्यांनी साडेसहाला परतायचं ठरवलं, तोवर होडी आत येण्याएवढं पाणी झालं असतं. खरी गोष्ट अशी की पुनवेला साडेसहाच्या सुमाराला पाणी तळाला असतं. त्यात उधाणाची ओहोटी, सगळ्यात खोल उतरणारी. जेटी समोर दिसतेय आणि होडी चिखलात बसली. उतरून चालायची सोय नाही, तो चिखल मांडीपर्यंत आत ओढतो. बर्फ थोडाच नेला होता, कोळंबी होती, ती गेली. साडेसहा ते नऊ. जीवाला धोका नव्हता, पण घरी काकू आणि आई यांना ते साडेआठपर्यंत माहीत नव्हतं, कारण एकाचा फोन बंद पडला होता आणि दुसऱ्याला रेंज नव्हती. मी ऑफिसातून आलो तेव्हा त्या दोघी जेटीवर टॉर्च घेऊन उभ्या होत्या.

रात्री काका आले. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी भावाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट बघितला आणि मला विचारलं, "पुनवेला नऊ-दहाला कुठलं पाणी भरतंय रे?" मी म्हणालो, ॲपमध्ये काहीतरी चुकलंय, बघतो. मग भावाकडे वळून म्हणाले, "आणि तू, समोर एवढा मोठा चंद्र उगवत होता, तो तरी बघायचा." भाऊ म्हणाला, "बाबा, चंद्र उगवला तेव्हा आम्ही चिखलातच होतो." कोणी हसलं नाही. आता हसतो.

चूक शोधायला मला त्या रात्री वीस मिनिटं लागली. दुरुस्त करायला दोन रस्ते होते, आणि दोन्ही सांगतो, कारण तुमच्यातल्या काहींना पहिलाच पुरेल.

पहिला रस्ता असा: अॅडॅप्टरला पानाचा खरा ओळखक्रमांक द्यायचा. गेटआयटमआयडीमध्ये जागेबरोबर तारीखही मिसळायची, आणि कन्टेन्सआयटममध्ये सांगायचं की सध्या फक्त या तारखेची पानं वैध आहेत. मग बाण दाबला की जुनी पानं अॅडॅप्टरच टाकून देतो आणि नवी बनवतो. चालतं. पण दर बाणाला तिन्ही पानं मोडून पुन्हा बांधायची, वाचता वाचता खाली सरकवलेलं पान पुन्हा वर जाऊन बसतं. आणि मूळ दुखणं तसंच राहतं: तारीख चार ठिकाणी आहे. वरच्या पट्टीत एक, आणि तीन पानांच्या खिशात तीन.

दुसरा रस्ता मी घेतला. पानांच्या खिशात तारीखच ठेवायची नाही. निवडलेली तारीख एकाच जागी, डायलॉगच्या व्ह्यूमॉडेलमध्ये. वरची पट्टी तिच्याकडे बघते, तिन्ही पानं तिच्याकडे बघतात. बाण फक्त ती एक तारीख बदलतो, पानांना हात लावत नाही. पान जुनं असो की नवीन, ते दाखवणार तीच तारीख. पानं हे व्ह्यूमॉडेल आपल्या पालकाकडून, म्हणजे डायलॉगकडून मागून घेतात. आणि ते मागता येतं कारण पानं चाइल्डफ्रॅगमेंटमॅनेजरमध्ये आहेत. ॲक्टिव्हिटीच्या मॅनेजरमध्ये ठेवली असती तर त्यांना पालकच नसता. म्हणून मघाशी म्हटलं, लक्षात ठेवा. ॲप मारलं जाऊन परत उभं राहिलं तरी तारीख टिकावी म्हणून ती सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवलीय.

वारा टॅबमध्ये याचंच एक भावंड सापडलं. वारा नेटवरून येतो. बाण भराभर तीनदा दाबला की तीन मागण्या जातात. नेट मंद असेल तर पहिल्या मागणीचं उत्तर सगळ्यात शेवटी येऊ शकतं, आणि ते बरोबर उत्तरावर येऊन बसतं. पुन्हा तेच, वर एक दिवस आणि खाली दुसरा. इथे फ्लॅटमॅपलेटेस्ट वापरलं. नवी तारीख आली की आधीच्या मागणीचं काम तिथेच सोडून द्यायचं. ही चूक कोणाच्या तक्रारीतून आली नाही, पहिली चूक भोगल्यावर घाबरून सगळा कोड वाचला तेव्हा दिसली.

आणि एक गोष्ट मी कोडिंगच्या नियमाबाहेर जाऊन केली. आता प्रत्येक पानावर, आकड्यांच्या अगदी वर, तारीख पुन्हा लिहिलेली असते. ती वरच्या पट्टीतून येत नाही, तक्त्याच्या ज्या ओळीतून पाण्याची वेळ आली त्याच ओळीतून येते. डिझाइनवाला मित्र म्हणाला, एकाच खिडकीत तारीख दोनदा, गचाळ दिसतं. दिसू दे. उद्या मी पुन्हा कुठे चुकलो तर निदान दोन तारखा वेगळ्या दिसतील आणि स्क्रीनशॉटमध्येही येतील.

ज्यांना वाटतंय की हे जुन्या अँड्रॉइडचं रडगाणं आहे, त्यांच्यासाठी. जेटपॅक कंपोझमध्ये हॉरिझॉन्टलपेजर २०२३ पासून मूळ फाउंडेशनमध्येच आहे, फ्रॅगमेंट नाही, अॅडॅप्टर नाही, मजाच मजा. पण पानात तुम्ही "रिमेंबर" लिहिलं आणि त्याला तारखेची किल्ली दिली नाही, तर ते पहिली तारीख इमानदारीने लक्षात ठेवतं. फ्लटरमध्ये इनिटस्टेटमध्ये एकदाच माहिती वाचली आणि पान जिवंत ठेवलं, की तीच गत. नावं बदलतात, खिसा तोच.

आता स्वाइपबद्दल थोडं, कारण शीर्षकात तो शब्द आहे आणि मी तुम्हाला चिखलातच फिरवतोय. पाणी टॅबमध्ये मी आधी २४ तासांचा आडवा आलेख ठेवला होता, बोटाने सरकवायचा. आलेख सरकवायला गेलं की टॅबच बदलायचा. एका दिशेत सरकणाऱ्या दोन गोष्टी एकात एक ठेवल्या की बोट कोणाचं, यावर भांडण होणारच. त्यावर उपाय आहेत, आतल्या आलेखाने बाहेरच्याला "तू मध्ये पडू नको" सांगण्याची सोय आहे. मी आलेखच काढला आणि चार वेळांची उभी यादी दिली. काकांना आलेख नकोच होता. तो मला हवा होता, पोर्टफोलिओत टाकायला.

शिवाय ओल्या बोटाचं काय? पाण्याचे थेंब असले की टचस्क्रीनला स्वाइप नीट कळत नाही, हे होडीवाल्याला नवीन नाही. म्हणून स्वाइप ही सोय समजायची, एकमेव रस्ता नाही. टॅबची नावं कायम दिसली पाहिजेत आणि बोट मावेल एवढी मोठी हवीत. अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपीची आहे, मी ६४ ठेवलेत. अँड्रॉइड १० पासून कडेवरून बोट आत ओढलं की "मागे जा" होतं, दोन्ही कडांनी. पूर्ण स्क्रीनच्या डायलॉगमध्ये माणूस टॅब बदलायला जातो आणि खिडकीच बंद होते. म्हणून माझी खिडकी कडांपासून आत आहे. बाहेर चुकून टॅप झाला तर ती बंद होऊ नये, हेही केलंय. ते थेट डायलॉगला सांगता येतं. पण खिडकी मुळीच रद्द होऊ नये असं हवं असेल, तर ते डायलॉगला सांगून उपयोग नाही, डायलॉगफ्रॅगमेंटला सांगावं लागतं. माझा अर्धा तास गेला, तुमचा जाऊ नये.

तपासणीसाठी आता एक टेस्ट आहे जी दर बिल्डला चालते: द्वादशी उघड, पाणी बघ, तीनदा बाण दाब, वाऱ्यावर जा, परत पाण्यावर ये, वेळ तपास. अगदी भावाने केलं तसंच, त्याच क्रमाने. टेस्टचं नाव मी "पुनव" ठेवलंय. ऑफिसात कोणी माझा कोड बघितला तर विचारेल, तेव्हा सांगीन.

काका ॲप वापरतात. पण कसं, ते मी परवा बघितलं. आधी तिसरा टॅब उघडतात, तिथी बघतात, बोटांवर पाऊणपट करतात, मग पाणी टॅबवर येतात. जुळलं तर मान हलवतात. भावालाही आता तोच क्रम लावलाय. म्हणून नव्या आवृत्तीत तिथी टॅब पहिला येतोय, आणि त्यात पाऊणपटीचा आकडा मुद्दाम दाखवत नाहीये. काका म्हणाले, तो पोराने स्वतः करायचा.

पुढच्या भागात ऑफलाइन नकाशांवर बोलू. प्रश्न असतील तर पाठवा, आणि कोणाकडे खाडीच्या आतल्या भागातल्या पाण्याच्या वेळांचा जुना हिशेब असेल, आजोबांच्या वहीतला वगैरे, तर तोही पाठवा. भेटू!